चहाच्या मळ्यातला साकुरा पाहायचाय? जपानच्या पर्यटन व्हिसाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

टोकियोच्या नैर्ऋत्येला शिझुओका प्रांत आहे. अनेक दशकं जपानमधला सर्वाधिक चहा इथेच पिकायचा; २०२४ मध्ये दक्षिणेच्या कागोशिमानं त्याला मागे टाकलं. इथल्या कानाया स्टेशनवरून ओइगावा रेल्वेची छोटी गाडी नदीच्या काठाकाठानं डोंगरात चढते. या मार्गावरच्या काही गाड्यांना वाफेचं इंजिन जोडतात. इएयामा स्टेशनच्या आसपास रुळांना लागून चेरीची झाडं आहेत, रस्त्यावर त्यांच्या फांद्यांची कमान होते, आणि त्या खोऱ्यातल्या उतारांवर कापून गोलाकार केलेल्या चहाच्या ओळी दिसतात. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि चहाचा मळा एकाच दिवसात पाहायचा तर मी हीच जागा सुचवेन.

अर्जाआधी फुलांचं वेळापत्रक समजून घ्या, कारण अर्जाची तारीख त्यावरूनच ठरते.

आधी फूल, मग अर्ज

आपण फोटोत पाहतो तो फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा साकुरा म्हणजे सोमेइ योशिनो. शिझुओकात तो साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. जपानचं हवामान खातं ठरावीक झाडावर नजर ठेवतं. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. या दोन्हींमध्ये साधारण आठवडा जातो. पुढे एखादा जोराचा पाऊस पडला की पाकळ्यांचा सडा पडतो. वर्षागणिक तारखा पुढेमागे होतात. २०२१ मध्ये क्योतोत २६ मार्चलाच पूर्ण बहर आला होता.

चहाचं गणित मात्र वेगळं आहे. जपानी पंचांगात वसंत सुरू होतो ४ फेब्रुवारीच्या सुमारास, आणि तिथून मोजलेली ८८ वी रात्र, म्हणजे १ किंवा २ मे, ही नव्या चहाच्या खुडणीची पारंपरिक खूण. म्हणजे सोमेइ योशिनो भरात असतो तेव्हा चहाची झुडपं गडद हिरवीच असतात, पोपटी पालवी अजून यायची असते. दोन्ही हवं असेल तर मधला मार्ग आहे: दुहेरी पाकळ्यांचा याएझाकुरा आठवडा-दोन आठवडे उशिरा फुलतो आणि चहाच्या कोवळ्या कोंबांच्या जवळ जातो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एप्रिलचा पहिला आठवडा धरावा. चहाची आवड असलेल्यांनी एप्रिलचा उत्तरार्ध धरावा, गर्दीही कमी लागते.

आता मागे मोजा. एका प्रवेशाचा जपानचा व्हिसा मिळाल्याच्या तारखेपासून तीन महिने वैध असतो. त्या मुदतीत जपानमध्ये पाऊल ठेवायला हवं. तिथे किती दिवस राहता येईल हे वेगळं. ते पर्यटकाला जास्तीत जास्त ९० दिवस मिळतं आणि उतरल्यापासून मोजलं जातं. या दोन मुदतींची गल्लत खूप जण करतात. डिसेंबरच्या अखेरीस उत्साहानं अर्ज केला आणि ५ जानेवारीला व्हिसा मिळाला, तर तो ५ एप्रिलच्या सुमारास संपेल. याएझाकुरासाठी १८ एप्रिलचं विमान असेल तर सगळं मुसळ केरात. उलट मार्चच्या मध्यापर्यंत थांबलात तर गर्दीच्या मोसमात निर्णयाला वेळ लागू शकतो. म्हणून प्रवासाआधी सहा ते आठ आठवडे ही खिडकी मला योग्य वाटते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यासाठी फेब्रुवारीचा पूर्वार्ध.

पात्रता आणि अर्जाची जागा

भारतीय पासपोर्टधारकाला जपानला जायला व्हिसा लागतो. निव्वळ पर्यटनासाठी १ एप्रिल २०२४ पासून भारतातून ई-व्हिसा मिळतो. नावात 'ई' असलं तरी अर्ज घरबसल्या होत नाही. कागदपत्रं व्हीएफएस ग्लोबल चालवत असलेल्या जपान व्हिसा अर्ज केंद्रात द्यावी लागतात आणि निर्णय दूतावास किंवा वकिलात घेते. महाराष्ट्र आणि गोव्याचे रहिवासी मुंबईतल्या वकिलातीच्या कक्षेत येतात. मूळचे सांगलीचे पण नोकरीमुळे बेंगळुरूला राहणारे असाल, तर आताच्या पत्त्यानुसार तिथली कक्षा लागते. व्हिसाचं शुल्क आणि केंद्राचं सेवाशुल्क ही दोन वेगळी शुल्कं आहेत. अर्जाच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावरचा ताजा आकडा पाहून घ्या.

जपानमध्ये मुलगी किंवा भाऊ राहतो, त्यांच्याकडे उतरून फिरायचं असेल तर तो नातेवाइकांच्या भेटीचा अर्ज होतो. त्याची कागदपत्रं वेगळी: तिकडून आमंत्रणपत्र, खर्च ते करणार असतील तर हमीपत्र आणि त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा, शिवाय नात्याचा पुरावा. घरी राहणार असूनही सोपं म्हणून पर्यटनाचा अर्ज आणि हॉटेलचं खोटं बुकिंग, हे कृपया करू नका.

पर्यटन व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. चहाच्या मळ्यात पैसे भरून तासभर खुडणीचा अनुभव घेणं चालतं. पण जेवणखाण किंवा मुक्कामाच्या बदल्यात मळ्यावर राबायची 'संधी' कुणी देऊ करत असेल तर दूर राहा.

कागदपत्रं

पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं ठेवा, आणि परतीनंतरही सहा महिन्यांची वैधता असली की विमानतळावर वाद होत नाही. सही केलेला अर्ज, ठरलेल्या मापाचा ताजा फोटो, जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण, हॉटेलांची बुकिंग्ज, दिवसवार वेळापत्रक, प्रवासाचा हेतू सांगणारं पत्र, नोकरीचा किंवा व्यवसायाचा पुरावा, बँक स्टेटमेंट आणि आयटीआर, असा हा संच आहे. सहा महिन्यांचं, बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणि तीन वर्षांचे आयटीआर जवळ ठेवा. व्हिसा हातात येण्यापूर्वी न परतणारं तिकीट काढू नका; रद्द करता येणारं आरक्षण पुरतं.

अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक दोन-तीन लाख आणून ठेवणारे पुष्कळ असतात. त्यानं शंकाच वाढते. मुदत ठेव मोडली असेल, सोनं विकलं असेल, तर त्याची पावती जोडा आणि पत्रात एक ओळ लिहा.

गृहिणी, निवृत्त आईवडील किंवा शिकणारी मुलं यांचा खर्च घरातला कुणी करत असेल तर त्या व्यक्तीची आर्थिक कागदपत्रं, खर्च करण्याचं पत्र आणि नात्याचा पुरावा लागतो. शेतकरी कुटुंबात आयटीआर नसण्याचं कारण अगदी सरळ असतं, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला कळायला हवं. सातबारा, माल विकल्याच्या पट्ट्या आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडून पत्रात खुलासा करा.

आपल्याकडे हमखास अडतं ते नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत नुसतं आद्याक्षर, पॅनवर लग्नाआधीचं आडनाव. तिन्ही एकाच बाईची कागदपत्रं आहेत हे परक्या माणसाला आपोआप कळत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि दोन ओळींचा खुलासा जोडला की प्रश्न मिटतो.

दिवसवार वेळापत्रक

सगळ्यात जास्त वेळ या एका कागदावर घालवा. तारीख, त्या दिवशी कुठे जाणार, संपर्काचा क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता, एवढेच रकाने असतात. पण बाकीचं प्रत्येक कागदपत्र याच्याशी ताडून पाहिलं जातं.

माझ्या मावशीचा अर्ज भरताना आम्ही सगळं तीनदा तपासलं होतं. तरी काउंटरवरच्या मुलीनं वेळापत्रकावर बोट ठेवून विचारलं, "४ तारखेला शिझुओका सोडलं, ५ तारखेला क्योतोत चेक-इन. मधली रात्र कुठे?" मावशी रात्रीच्या बसनं जाणार होती, पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथेच पेनानं 'रात्रीचा बसप्रवास' असं लिहिलं आणि अर्ज पुढे गेला. तेव्हापासून मी एक करते: वेळापत्रक झालं की प्रत्येक रात्रीवर बोट ठेवून 'अंथरूण कुठे?' असं मोठ्यानं विचारायचं. विमानातली रात्रही त्यात धरायची, कारण रात्री निघणारं विमान दुसऱ्या दिवशी उतरतं आणि हॉटेलची तारीख एकानं चुकते.

जागांची नावं नेमकी लिहा. 'चहाचे मळे पाहणे' यापेक्षा 'शिझुओकाहून जेआर तोकाइदो मार्गानं कानाया, तिथून ओइगावा रेल्वेनं इएयामा, संध्याकाळी शिझुओकाला परत' हे कितीतरी चांगलं. शिझुओका ते कानाया अर्ध्या तासाच्या आसपास लागतं, तेव्हा मुक्काम शिझुओका शहरात ठेवणं सोयीचं. दहा दिवसांत आठ शहरं कोंबू नका.

निर्णयानंतर

व्हिसा नाकारला गेला तर कारण सांगितलं जात नाही, आणि त्याच हेतूसाठी सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे त्या वर्षीचा साकुरा हुकलाच. म्हणून अर्धवट संच घेऊन 'बघू, मागितलं तर देऊ' असं करू नका.

मंजूर झाल्यावर मिळणारी व्हिसाची सूचना विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवायची असते. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत ग्राह्य धरत नाहीत. आईवडील एकटे जाणार असतील तर त्यांच्या फोनवर ते पान कसं उघडायचं याची घरी तालीम करून घ्या आणि उतरल्या उतरल्या नेट चालेल अशी सोय करून ठेवा. प्रवासाआधी 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर आगमन आणि कस्टम्सची माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवला की रांगेत फॉर्म भरावा लागत नाही. जपानच्या विमानतळावर सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. पुढे संपूर्ण प्रवासात पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून मळ्यात जाऊ नका.

औषधांकडे नीट लक्ष द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र आधीच ऑनलाइन काढावं लागतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये बंदी आहे, म्हणून पाकिटामागचे घटक वाचून मगच बॅगेत भरा.

आणि एप्रिल म्हटलं की हापूस. नेऊ नका. ताजी फळं, कढीपत्ता, रोपं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. भारतातून जपानला आंबे जातात ते वाफेच्या प्रक्रियेतून आणि तपासणीतून. पिशवीतल्या दोन डझनांना ती सवलत नसते. मांसाचे पदार्थही चालत नाहीत.

मळ्यापाशी

चहाच्या ओळी ही कुणाची तरी शेती आहे. फोटोसाठी दोन ओळींमध्ये शिरू नका, रस्त्यावरून पाहा. खांबांवर उंच बसवलेले पंखे दिसतील. वसंतातल्या थंड रात्री जमिनीलगत गार हवा साचते आणि वरची हवा त्यामानानं उबदार असते. हे पंखे ती ऊब खाली ढकलून कोवळ्या कोंबांना गोठणाऱ्या दवापासून वाचवतात. शाकाहारी असाल तर नूडल्सच्या रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतो हे ध्यानात ठेवून सोबत काहीतरी न्या.

हाताशी अर्धा दिवस उरला तर शिमादा शहरातल्या होराइ पुलावर जा. जपानवर पूर्वी राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याच्या पदरी असलेल्या सामुराईंनी १८६९ मध्ये पलीकडच्या माकिनोहारा पठारावर चहा लावायला सुरुवात केली, आणि ओइ नदी ओलांडायला १८७९ मध्ये हा लाकडी पूल झाला. लांबी ८९७.४ मीटर, कठडे जेमतेम गुडघ्याच्या वर. वारा असेल तर टोपी हातात धरा.