अ‍ॅस्पिरिन चालू आहे, मग ही दुसरी गोळी कशाला?

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘बाबांना अ‍ॅस्पिरिन चालूच आहे की! तीही रक्तच पातळ करते.’’ आणि नवी चिठ्ठी कपाटात जाऊन बसते.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी आंधळी पिशवी असते, तिथलं रक्त साचून राहतं. झडपेचा आजार नसलेल्यांच्या डाव्या कप्प्यातल्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत सापडतात. तिथून सुटलेली गुठळी मेंदूत जाऊन अडकली की अर्धांगवायू. धडधड जाणवो वा न जाणवो, धोका राहतोच.

पण सगळ्या गुठळ्या एकाच जातीच्या नसतात. धमनीतल्या चरबीच्या थराला तडा गेला की वेगाने वाहणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेट तिथे चिकटतात. अ‍ॅस्पिरिन त्यांना आवरते. साचलेल्या रक्तात रक्त गोठवणारी प्रथिनं वाहून जात नाहीत. एक दुसऱ्याला जागं करतं, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि फायब्रिनचं जाळं विणलं जातं. तिथे अ‍ॅस्पिरिनचा हात फारसा पोचत नाही.

या प्रथिनांपैकी चार (फॅक्टर २, ७, ९ आणि १०) यकृतात बनतात, पण अर्धवट. त्यांच्यातल्या ग्लुटामिक आम्लाला एक जादा कार्बॉक्सिल गट जोडावा लागतो. मग दोन ऋणभार शेजारी येतात, कॅल्शियमला धरतात, आणि त्या आधाराने प्रथिन पेशीच्या पटलावर बसतं. पटलावर बसल्याशिवाय पुढचं काम जवळपास ठप्प. गट जोडताना व्हिटॅमिन के खर्ची पडतं. एक विकर (एन्झाइम) ते पुन्हा वापरण्याजोगं करून देतं. रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या, म्हणजे वॉर्फरिन आणि आपल्याकडची अ‍ॅसिट्रॉम या विकरालाच अडवतात. जुनी प्रथिनं संपेपर्यंत काही दिवस जातात, म्हणून असर उशिरा. आणि पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्यामुळे एक आठवडा रोज पालक, पुढे महिनाभर पालेभाजीच नाही, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बहुधा २ ते ३ हवा) वरखाली होतो. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळ्या थेट फॅक्टर १० च्या कामावरच बोट ठेवतात. त्यांना आयएनआर लागत नाही, पण असर दिवसाभरात उतरतो. डोस चुकवून चालत नाही.

वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी. ‘डॉक्टर उंदराचं विष देतात’ हा फॉरवर्ड तेवढ्यापुरता खरा. त्याखालचा ‘रोज दोन पाकळ्या लसूण खा, गोळी सोडा’ हा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हेरोज’ चाचणीत वॉर्फरिन न मानवणारे साडेपाच हजारांवर रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाला ३.७ टक्के जणांना अर्धांगवायू झाला किंवा गुठळीने दुसरा एखादा अवयव गाठला, अपिक्साबॅनवर १.६ टक्के. मोठा रक्तस्राव १.२ आणि १.४ टक्के. म्हणजे अ‍ॅस्पिरिन ‘सौम्य’ म्हणून घेतली तरी रक्तस्राव जवळपास तेवढाच.

मग गोळी कुणी घ्यायची? अर्धांगवायूचा धोका गुणांनी मोजतात: वय ६५ ते ७४ ला एक गुण, ७५ पासून दोन; ब्लड प्रेशर, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक; आधी अर्धांगवायू झाला असेल तर दोन. ७२ वर्षांच्या, बीपी आणि मधुमेह असलेल्या बाबांचे झाले तीन. दोन किंवा जास्त असतील तर साधारणपणे गोळी घ्यावीच. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बऱ्यापैकी आकसली असेल तर गुण मोजत बसायचं नाही, आणि तिथे नव्या गोळ्या नव्हे, वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच.

रक्तस्रावाची भीती रास्त आहे, पण तिच्यातला बराच भाग हातातला असतो: वाढलेलं बीपी, दारू, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन न तपासता ठरवलेला डोस, गुडघ्यांसाठी परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. आणि स्टेंट बसवलेला असेल तर अ‍ॅस्पिरिन रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत किती महिने चालू ठेवायची, हे हृदयतज्ज्ञाला स्पष्ट विचारून घ्यावं. दोन्ही मिळून रक्तस्राव वाढवतात, आणि बहुतेकांना ती जोडी जन्मभर लागत नाही.