स्पॉक : लेनर्ड निमॉय यांची भूमिका

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतील मिस्टर स्पॉक हे अर्धमानव, अर्धपरग्रहवासी पात्र लेनर्ड निमॉय (२६ मार्च १९३१ – २७ फेब्रुवारी २०१५) यांनी १९६४ मध्ये चित्रित झालेल्या पहिल्या नमुना भागापासून २०१३ मधील चित्रपटापर्यंत, अधूनमधून खंड पडत, जवळजवळ अर्धे शतक साकारले. मूळ मालिका मात्र १९६६ ते १९६९ एवढीच चालली आणि तिचे ७९ भाग झाले. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती दाखवली जाई. त्या काळी घरात संच आलेल्या कोल्हापूरकराला इंग्रजी संवाद सगळे उमगले नाहीत, तरी टोकदार कानांचा हा गडी ओळखू येई.

नटावर भूमिकेचा शिक्का बसणे कोल्हापूरला नवे नाही. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांत शिवाजी महाराज रंगवणारे सूर्यकांत मांडरे पुढे कितीतरी प्रेक्षकांच्या मनात त्याच वेषात राहिले. फरक एवढाच की, महाराजांची प्रतिमा नटाच्या आधीच लोकांच्या मनात पक्की असते आणि त्याला तिच्या चौकटीत बसावे लागते. स्पॉकला असा पूर्वज नव्हता. त्यामुळे त्याच्या लकबी पुष्कळशा निमॉय यांनीच घडवल्या, आणि बहुधा म्हणूनच तो त्यांना इतका घट्ट चिकटला. एका भागाच्या संहितेत स्पॉकने मागून येऊन डोक्यात शस्त्राचा दस्ता हाणावा, असे लिहिले होते. बुद्धीने चालणाऱ्या पात्राला ही धटिंगणगिरी शोभत नाही, असे निमॉय यांना वाटले आणि त्यांनी मानेजवळची शीर दाबून माणसाला बेशुद्ध करण्याची युक्ती सुचवली.

स्पॉकच्या हाताच्या अभिवादनाची गोष्ट याहून जुनी आहे. तर्जनी आणि मधले बोट एकत्र, अनामिका आणि करंगळी एकत्र, मध्ये फट आणि अंगठा बाजूला, अशी ती मुद्रा १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या एका भागात प्रथम दिसली. बॉस्टनमध्ये लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पुरोहित आशीर्वाद देत असताना खाली बघायचे असते; छोट्या निमॉय यांनी चोरून वर पाहिले आणि ही मुद्रा त्यांच्या लक्षात राहिली. त्या भागात वृद्ध स्त्रीची भूमिका करणाऱ्या सेलिया लव्हस्की यांची बोटे काही केल्या तशी वेगळी होईनात. अखेर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दुसऱ्या हाताने बोटे जुळवून घेऊन मगच त्यांनी तो हात वर उचलला.

स्पॉकच्या टोकदार कानांची प्रसारण कंपनीला सुरुवातीला धास्ती होती. सैतानी रूप प्रेक्षकांना खटकेल, या भीतीने प्रसिद्धिपत्रकातील छायाचित्रात कानांची आणि भुवयांची टोके पुसून टाकण्यात आली होती. पुढे हेच पात्र सर्वांत लोकप्रिय ठरले आणि निमॉय यांना तिन्ही वर्षी दूरचित्रवाणीसाठीच्या एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

१९७५ मध्ये त्यांनी ‘मी स्पॉक नाही’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे आत्मकथन लिहिले. त्यात पात्राशी त्यांचे आपुलकीचे संवाद आहेत; पण अनेकांनी नुसते मुखपृष्ठ वाचून, त्यांना या भूमिकेचा वीट आला आहे, असा समज करून घेतला. वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या आत्मकथनाच्या शीर्षकातून ‘नाही’ गेले. दरम्यान १९७९ ते १९९१ या काळातील सहा चित्रपटांत त्यांनी स्पॉक केला आणि त्यांपैकी तिसऱ्या व चौथ्या चित्रपटाचे दिग्दर्शनही केले. २००९ मधील चित्रपटात तरुण स्पॉक झॅकरी क्विंटो या नटाकडे गेला, वृद्ध स्पॉक निमॉय यांच्याकडेच राहिला, आणि शेवटाकडे हे दोघे पडद्यावर समोरासमोर येतात.