फुटबॉलचा गल्ला आणि टायटल नाइन: एक हिशेब, दुसरा हक्क

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘फुटबॉलच्या पैशावर मुलींचे खेळ चालतात.’ दुसरं, ‘टायटल नाइनमुळे मुलींवर निम्मा पैसा खर्च करावाच लागतो.’ पहिलं मोजक्याच विद्यापीठांत खरं आहे, दुसरं कुठेच नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की मुलींचा खेळ खैरातीवर चालतो असं वाटू लागतं, म्हणून त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात तो, आणि टायटल नाइन म्हणजे शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभावाला मनाई करणारा अमेरिकी कायदा.)

पहिली गोष्ट गल्ल्याची. टीव्हीचे हक्क, तिकिटं, प्रायोजक, देणग्या यांतून फुटबॉल आणि काही प्रमाणात पुरुषांचं बास्केटबॉल पैसा आणतं. तो क्रीडा विभागाच्या एकाच गल्ल्यात जमा होतो आणि त्यातून पोहणं, टेनिस, ट्रॅक, रोइंग यांचा प्रवास, प्रशिक्षकांचे पगार, शिष्यवृत्त्या भागतात. मुलांची कुस्तीसुद्धा याच गल्ल्यावर जगते, हे सहसा कुणी बोलत नाही. ही निव्वळ प्रथा आहे. फुटबॉलने इतरांना पोसावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय खर्चापेक्षा कमाई जास्त असलेले क्रीडा विभाग एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, 2019 च्या हिशेबात जेमतेम 25 होते. बाकीच्या ठिकाणी तूट भरून निघते ती विद्यापीठाच्या निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून. पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांच्या बिलातही अनेक विद्यापीठांत ही फी असते, मग त्यांनी मैदान पाहिलेलं असो वा नसो.

दुसरी गोष्ट कायद्याची. टायटल नाइनवर 23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येत नाही, एवढंच त्याचं सूत्र. कमाई करणारे खेळ यातून वगळावेत, असा प्रयत्न 1974 मध्ये टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी केला, पण तो टिकला नाही. त्यामुळे ‘फुटबॉल कमावतो, म्हणून तो मोजू नका’ हा युक्तिवाद चालत नाही. देणगीदाराने फक्त मुलांसाठी उत्तम मैदान बांधून दिलं, तरी मुलींना त्या तोडीची सोय देण्याची जबाबदारी विद्यापीठाचीच.

मात्र खर्च समान हवा, असंही कायदा म्हणत नाही. फुटबॉलच्या हेल्मेट-पॅडला पोहण्याच्या पोशाखापेक्षा जास्त पैसे लागणारच. पाहिलं जातं ते तीन ठिकाणी: खेळायची संधी, शिष्यवृत्तीची रक्कम, आणि सरावाची वेळ, प्रवास, डॉक्टर, लॉकर रूम यांसारख्या सोयींचा दर्जा. संधीसाठी 1979 पासून तीन कसोट्या आहेत आणि त्यांतली एक पार केली तरी पुरतं: खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थिसंख्येतल्या प्रमाणाच्या जवळ असणं, मुलींचे खेळ सातत्याने वाढवत आणल्याचा इतिहास असणं, किंवा मुलींची आवड आणि क्षमता पूर्णपणे सामावून घेतलेली असणं.

पहिल्या कसोटीचं गणित मांडून बघा. समजा 55 टक्के विद्यार्थी मुली आहेत आणि एकूण 600 खेळाडू. म्हणजे 330 जागा मुलींच्या, 270 मुलांच्या. त्या 270 पैकी 105 एकटं फुटबॉल घेतं. उरलेल्या 165 जागांत बेसबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक, कुस्ती सगळं बसवायचं. मुलांचा एखादा छोटा संघ बंद होतो तेव्हा बोट टायटल नाइनकडे दाखवलं जातं आणि त्या 105 कडे कुणी बघत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. मुलींचं रोइंग इतक्या ठिकाणी का सुरू झालं, त्याचंही उत्तर इथेच आहे: एकाच संघात 60 मुली सहज मावतात.

शिष्यवृत्तीचं माप वेगळं. तिथे विद्यार्थिसंख्या नव्हे, प्रत्यक्ष खेळाडूंचं प्रमाण धरतात आणि फरक साधारण 1 टक्क्याच्या आत लागतो. क्रॉस कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर ट्रॅक अशा तिन्ही संघांत धावणारी मुलगी संधी मोजताना तीनदा मोजली जाते, शिष्यवृत्तीसाठी मात्र एकदाच. आकडे वाचताना गफलत होते ती बहुतेकदा इथे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या त्या आयोवा विद्यापीठात. ऑगस्ट 2020 मध्ये कोविडमुळे बिग टेनने, म्हणजे आयोवा ज्यात खेळतं त्या विद्यापीठांच्या गटाने, फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि दहा दिवसांत विद्यापीठाने चार खेळ बंद करण्याचं जाहीर केलं: मुलांचं जिम्नॅस्टिक्स, मुलांचं टेनिस, मुलांचं आणि मुलींचं पोहणं. पैसा आटला की प्रथा किती दिवस टिकते, ते दिसलं. पुढे जलतरणपटू मुली टायटल नाइनच्या आधारे कोर्टात गेल्या, डिसेंबरमध्ये मनाई हुकूम मिळाला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये मुलींचं पोहणं परत आलं. मुलांचे तिन्ही संघ गेले ते गेलेच. त्याच वर्षी आयोवाने मुलींची कुस्तीही जाहीर केली.

आता गल्लाच बदलतो आहे. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यात जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देऊ शकतात आणि तिचा मोठा वाटा फुटबॉलकडे वळतो आहे. ही रक्कम शिष्यवृत्तीसारखी धरायची, असं शिक्षण खात्याने जानेवारी 2025 मध्ये म्हटलं होतं. फेब्रुवारीत ते मागे घेतलं गेलं.

एखादं विद्यापीठ स्वतः तपासायचं असेल तर शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स’ संकेतस्थळावर दरवर्षीचे आकडे सगळ्यांना खुले असतात. आधी विद्यार्थ्यांमधला मुलींचा टक्का बघा, मग खेळाडूंमधला, आणि खर्चाचा रकाना शेवटी. मुलींच्या संघाबरोबर सराव करणारी मुलंही तिथे मुलींच्या संख्येत धरलेली असतात, तेवढी वजा करा.