हाताची घडी : कोकोश्काच्या एका आत्मचित्रामागचा इतिहास

शाळेत बाई ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणायच्या, तेव्हा त्या घडीचा अर्थ एकच असायचा : गप्प बसा. ऑस्ट्रियन चित्रकार ऑस्कर कोकोश्काने १९३७ मध्ये रंगवलेल्या आत्मचित्रातही हाताची घडी आहे. तोंडावर बोट मात्र नाही.

चित्राचं नाव ‘एका अधःपतित कलावंताचं आत्मचित्र’. ११० बाय ८५ सेंटिमीटरचा कॅनव्हास, म्हणजे फार मोठा नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस समोर रोखून बघतोय. त्याच्यामागे झाडी आहे, झाडीत एक हरीण आणि एक धावती मानवाकृती. शिकार चालू आहे आणि सावज कोण हे वेगळं सांगायला नको. हे काम त्याने चेकोस्लोव्हाकियातल्या ओस्त्रावा या औद्योगिक शहरात सुरू केलं, होणाऱ्या बायकोच्या, ओल्डाच्या, आजी-आजोबांच्या घरी. सुरुवातीला हातांची ठेवण वेगळी होती, खचलेल्या माणसाची वाटावी अशी. मग म्युनिकहून बातमी आली आणि त्याने हात बदलले. चित्राचा सगळा इतिहास मला तरी त्या बदललेल्या हातांत दिसतो.

बातमी काय होती? १९ जुलै १९३७ रोजी नाझींनी म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन उघडलं. ११२ कलावंतांच्या सुमारे ६५० कलाकृती जर्मनीतल्या सरकारी संग्रहालयांतून उचलून आणल्या होत्या. अरुंद खोल्यांत चित्रं दाटीवाटीने, काही मुद्दाम वाकडी टांगलेली, भिंतीवर टिंगलीची वाक्यं. काही चित्रांखाली संग्रहालयाने मोजलेली किंमतही लिहिली होती. त्यातली खोच अशी की बरीच खरेदी १९२०च्या दशकातल्या भयंकर महागाईच्या काळातली, तेव्हा मार्क या जर्मन चलनाला कागदाचीही किंमत नव्हती. ते आकडे जसेच्या तसे लावले, आणि खाली लिहिलं की हा कष्टकरी जर्मनांच्या कराचा पैसा. बघणाऱ्याचं डोकं फिरणारच! प्रवेश फुकट होता आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत वीस लाखांवर लोक येऊन गेले. कोकोश्काची चित्रं तिथे होतीच. जर्मन संग्रहालयांतून त्याच्या एकूण ४१७ कलाकृती जप्त झाल्या. त्यात संगीतकार गुस्ताव मालरची विधवा आल्मा हिच्यावरच्या प्रेमातून आलेलं ‘वादळाची वधू’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं चित्रही गेलं. १९३९ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयाने विकत घेतलं.

मूळ जर्मन शब्द ‘एन्टार्टेट’. ‘अधःपतित’ हे भाषांतर जरा सोवळंच आहे. शेतकरी बियाण्याबद्दल ‘वाण बिघडला’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा हा शब्द आहे. वंशशास्त्राच्या भाषेतली शिवी. आणि तो कलेला पहिल्यांदा गाजावाजा करून चिकटवला माक्स नोर्डाउ या लेखकाने, १८९२ मध्ये. नोर्डाउ स्वतः ज्यू होता, पुढे झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या, चळवळीचा मोठा नेता झाला. त्याच शब्दाचं नाझींनी हत्यार केलं.

कोकोश्का ज्यू नव्हता. १८८६ मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला, पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी आणि फुप्फुसात संगीन खाऊन वाचलेला माणूस. (हिटलर आणि तो एकाच परीक्षेला बसले, हा पास झाला, तो नापास, असा किस्सा सांगतात. त्यात तथ्य नाही. कोकोश्का उपयोजित कलेच्या शाळेत होता. हिटलरला १९०७ आणि १९०८ मध्ये प्रवेश नाकारला तो ललित कला अकादमीने.) ज्यू चित्रकार माक्स लीबरमान यांना १९३३ मध्ये प्रशियन अकादमीतून बाहेर पडावं लागलं, तेव्हा कोकोश्काने वृत्तपत्रात उघड पत्र लिहून त्यांची बाजू घेतली होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नात सरकारने कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या. जुलैत आई वारली. त्या वर्षीच तो प्रागला गेला. वडिलांचं घराणं प्रागच्या सोनारांचं आणि बहीणही तिथेच, त्यामुळे अगदीच परकं गाव नव्हतं.

प्रागमध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष टोमाश मासारिक यांचं व्यक्तिचित्र केलं आणि शेजारी सतराव्या शतकातला शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की उभा केला. कोमेन्स्कीही धर्मयुद्धात देशोधडीला लागलेला. लहानपणी वडिलांनी कोकोश्काला त्याचंच सचित्र पाठ्यपुस्तक दिलं होतं, त्यामुळे ही निवड नुसती राजकीय नव्हती. १९३५ मध्ये त्याला चेकोस्लोव्हाक नागरिकत्व मिळालं.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नातून माणसं वाट फुटेल तिकडे निघाली. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईला आला, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासंचालक झाला आणि रझा-आरांसारख्या तरुण चित्रकारांना त्याने हात दिला. त्याच सुमारास व्हिएन्नात कोकोश्काने १९०९ मध्ये केलेलं रॉबर्ट फ्रॉइंड यांचं व्यक्तिचित्र गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, कापून त्याचे चार तुकडे केले.

सप्टेंबरअखेर म्युनिक करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देऊन टाकला गेला, आणि प्रागही सुरक्षित उरलं नाही. ऑक्टोबरात कोकोश्का आणि ओल्डा विमानाने लंडनला निघून गेले. तिथे त्याने आठवणीतून प्राग रंगवलं. ते चित्र आणि घडी घातलेल्या हातांचं आत्मचित्र, दोन्ही आता स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला आहेत. आणि फ्रॉइंडच्या चित्राचे ते चार तुकडे नोव्हेंबर १९३८ मध्ये पॅरिसला, हद्दपार जर्मन कलावंतांच्या प्रदर्शनात लोकांसमोर मांडले गेले.