मोटार-प्रतिकृती, प्लास्टिकची

खऱ्या मोटारीचे ठराविक प्रमाणात लहान केलेले आणि सुट्या भागांच्या संचातून घरी जोडून रंगवायचे प्रतिरूप. भाग पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असून ‘स्प्रू’ या चौकटीला चिकटलेले मिळतात.

प्लास्टिकच्या जुळणी-संचांचा आरंभ सामान्यतः ब्रिटनमधील ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेपासून (१९३६) धरतात. पण ती विमाने होती, आणि प्लास्टिकही सेल्युलोज ॲसिटेट. मोटारींच्या बाबतीत एकमत नाही. अमेरिकेतील रेव्हेल कंपनीच्या ‘हायवे पायोनियर्स’ या जुन्या मोटारींच्या १:३२ मालिकेला (१९५० च्या दशकाचा आरंभ) काहीजण पहिला मान देतात. मात्र आज छंदिष्ट ज्याला मोटार-संच म्हणतात, त्याचा वंश एएमटी या अमेरिकी कंपनीच्या १९५८ मधील ‘थ्री-इन-वन’ संचांकडे अधिक सरळ जातो. ही कंपनी मोटार-विक्रेत्यांसाठी तयार जाहिरात-प्रतिकृती बनवत असे. त्याच धर्तीची एकसंध बॉडी सुट्या भागांसह पेटीत घालून मूळ, सजवलेली वा शर्यतीची अशा तिन्ही रूपांचा पर्याय तिने दिला. १:२५ हे प्रमाणही या जाहिरात-प्रतिकृतींमुळेच रुळले असावे; ते कारखान्यातील आरेखनांवरून आले, असेही सांगतात. १:२४ चा हिशेब सोपा आहे : फुटाला अर्धा इंच. जपानी संच, उदा., तामियाचे, बहुधा याच प्रमाणात असतात.

बॉडी एकसंध असल्याने जोडकाम बेताचेच. डिंक म्हणून वापरलेला द्रावक प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो. काचांना मात्र तो चालत नाही, त्या धुरकटतात. तेथे पांढरा पीव्हीए डिंक बरा.

खरी परीक्षा रंगाची. विमान वा रणगाडा मळका दिसला तरी शोभतो, मोटार चकाकावी लागते. साच्याच्या सरकत्या बाजू मिळतात तेथे मडगार्डवर केसाएवढी रेघ उठते. ती खरवडून घासली नाही, तर चकाकीखाली आणखी उठून दिसते. शिवाय गाडी लहान होते, पण रंगाचा थर त्या प्रमाणात पातळ होत नाही : ०.०५ मिमी. थर १:२४ मध्ये खऱ्या गाडीवरच्या १.२ मिमी. थराइतका भरतो. दाराची ४ मिमी. फट येथे जेमतेम ०.१७ मिमी. उरते आणि दोन्ही काठांवर रंग चढला की बुजते. म्हणून रंगाआधीच ती टोकदार हत्याराने खोल करून घेतात. नंतर बॉडी साबणाने धुऊन, प्रायमर (रंगाखालचा अस्तर-थर) देऊन, एअरब्रशने किंवा स्प्रे-कॅनने हलके हात देतात. तीव्र लॅकर उघड्या पॉलिस्टायरीनवर मारल्यास पृष्ठभाग तडकतो. लाल प्लास्टिकचा रंग पांढऱ्या रंगातून गुलाबी होऊन वर येतो. संत्र्याच्या सालीसारखा पोत आल्यास २००० क्रमांकाच्या पुढचा, म्हणजे अतिबारीक, पॉलिश पेपर पाण्यासोबत घासून पॉलिश करतात. खिडक्यांच्या क्रोमपट्ट्यांसाठी चिकट धातू-वर्ख रंगापेक्षा सरस ठरतो.

जुन्या संचांतील मऊ व्हिनाइल टायरमधून प्लॅस्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारा द्रव) झिरपून पॉलिस्टायरीनची चाके विरघळवतो. न जोडलेला संच जपायचा असल्यास टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत.