तारा वळतात, पण पैशामुळे नाही

पुरलेली लूट शोधायला नकाशावर लोलक (दोऱ्याला टांगलेलं वजन) धरून जागा ठरवायची, तिथे पितळी तारा वळल्या की खाली लूट आहे, असं सांगतात. तारा वळतात, हे खरं. काटकोनात वाकवलेली तार मुठीत सैल असते. मनगट केसभर कललं तरी टोक गर्रकन फिरतं. दहा बादल्या पालथ्या घाला, तिसऱ्याने एकीखाली नाणं लपवून निघून जावं. मग तारा घेऊन नाणं शोधा, अंदाजपंचे येतं तेवढंच बरोबर येतं.

अशाच एका लुटीचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये अमेरिकेत डी. बी. कूपर म्हणून ओळखला जाणारा विमान अपहरणकर्ता २० डॉलरच्या १०,००० नोटा घेऊन उडी मारून पसार झाला. जेमतेम १० किलो कागद. धातुशोधकालाही तो लागणार नाही. १९८० मध्ये त्यातल्या ५,८०० डॉलरच्या नोटा कोलंबिया नदीकाठी सापडल्या, त्याही आठ वर्षांच्या पोराला, शेकोटीसाठी वाळू सारताना.