विद्यापीठ विभागांतील स्त्री-पुरुष प्रमाण व अध्यापकांचे टिकणे (खानदेश)

विभागात स्त्री-अध्यापक किती आहेत आणि त्यांतल्या किती जणी पुढेही राहतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भरतीच्या जाहिरातीत मिळते, दुसऱ्याचे हजेरीपटावर. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातील अध्यापकांत स्त्रिया सुमारे ४३% होत्या. हा आकडा लहान विभागाला लावण्यात अर्थ नसतो. चार अध्यापकांतली एकमेव बाई गेली, की २५ टक्क्यांचे शून्य होते.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठीचे विद्यापीठ पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन १९९० मध्ये जळगावला स्थापन झाले. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

सरकारी-निमसरकारी भरतीत राज्यात स्त्रियांना ३०% समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच राखीव वाटा) आहे. ते दारापर्यंत आणते. गळती आतून होते. विद्यापीठातली जागा बदलीची नसते, नवऱ्याची नोकरी मात्र बहुधा बदलीची असते. त्याची बदली पुण्या-नाशिकला झाली, की एकतर राजीनामा, नाहीतर दोन घरे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे सुरत-भुसावळ गाडीने ‘अप-डाऊन’ करणारीचा दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. उशिराची बैठक तिच्या सोयीची कधीच नसते.

आणखी एक ओझे फारसे मोजले जात नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला असावी लागते आणि निम्म्या तरी सदस्य महिला. तरतूद योग्यच आहे. पण बायका मोजक्या असल्या, की तीच समितीवर, तीच युवती सभेची (विद्यार्थिनींच्या मंचाची) प्रमुख, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही बहुतेक तीच. पदोन्नतीच्या वेळी विचारले जाते ते शोधनिबंधांचे.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, अध्यापिकांची स्थिती याहून नाजूक. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेल्या असूनही नेमणूक त्या-त्या सत्रापुरती. बाळंतपणात नाव यादीतून गेले तर त्याला कुणी ‘काढले’ म्हणत नाही. त्यामुळे ती गळती कागदावर दिसतच नाही. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा दिली आहे. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघरही बंधनकारक झाले. तालुक्याच्या लहान महाविद्यालयाला हा आकडा गाठता येत नाही. तिथे पाळणाघर म्हणजे सासूबाई, त्या गावी गेल्या तर शेजारीण.